चिखल, बर्फ आणि सायकलच्या चाकातील हवा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, सांधेदुखी, हृदयविकार यांवर अभ्यासपूर्ण लेख येतात. यंदा संपादकांनी माझ्याकडे रक्तदाबावरील लेखाची मागणी केली. लेख मी दाबावरच लिहीत आहे, मात्र तो सायकलच्या ट्यूबमधील हवेच्या दाबावर. संपादकांनी उदार मनाने तो स्वीकारला, याबद्दल त्यांचे आभार.

निमित्त झाले मुलीच्या फोनचे. ती अमेरिकेत मिनीआपोलिस येथे नोकरीला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात तिने विचारले, “बाबा, तुम्ही औराद तालुक्यात सायकलवरून दवाखाना चालवलात. मला इथे हिवाळ्यातही सायकलनेच ऑफिसला जायचे आहे. बर्फासाठी टायर कोणता घेऊ आणि हवा किती ठेवू?” मी आयुष्यात बर्फावर सायकल चालवलेली नाही. आपल्या भागात बर्फ दिसतो तो रसवंतीच्या दुकानात. तरीही तिचा प्रश्न ऐकताच मला वाटले की हा प्रश्न मला कुणीतरी पूर्वी विचारलेला आहे, आणि त्या वेळी मी त्याचे उत्तर चुकलो होतो. पुढचे काही महिने मी या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले, घरी थोडे प्रयोगही केले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

प्रथम आपल्या पायाखालची जमीन पाहू. बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसलेले आहे. हा तांबडा, सच्छिद्र दगड पाणी पिऊन खाली सोडतो. बहामनी काळातील भूमिगत करेझ याच दगडातून खोदता आल्या. पठारावरची मुरमाड वाट पावसात वरून बोटभर निसरडी होते, परंतु त्याखाली कठीण थर लागतो. पठार उतरून मांजरेच्या खोऱ्यात, भालकी-औरादकडे, अथवा दक्षिणेला आळंद आणि कलबुर्गीच्या तुरीच्या शिवारात गेले की काळी माती सुरू होते. शेजारची कन्नड गावे तिला ‘एरे’ म्हणतात. ही माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी गेले की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात कित्येक ठिकाणी पुरुषभर खोल खणले तरी कठीण तळ लागत नाही. आपला शेतकरी अशा वेळी औत घालत नाही. तो वापशाची वाट पाहतो. ‘वापसा’ या शब्दाला मला आजवर दुसऱ्या कोणत्याही भाषेत नेमका प्रतिशब्द सापडलेला नाही: माती ओली असावी, पण पायाला चिकटू नये, भार सोसावा, पण दगड झालेली नसावी. बर्फावर सायकल चालवणाऱ्यांनाही असाच एक शब्द हवा होता, असे पुढे वाचताना जाणवत राहिले.

आता त्या चुकलेल्या उत्तराविषयी.

साल १९७९, ऑगस्ट महिना. मी मांजरेकाठच्या एका गावी दवाखाना थाटून दोन वर्षे झाली होती. वाहन म्हणजे अठ्ठावीस इंची, दीड इंची टायरची काळी सायकल, मागे कॅरिअरला बॅग बांधलेली. त्या दिवशी दुपारी तालुक्याच्या गावी जाऊन आलो. डांबरी रस्त्यावर चाक हलके पळावे म्हणून दोन्ही टायरांत मी स्वतःच पंपाने ठासून हवा भरली; टिचकी मारली की खणखणीत आवाज यावा इतकी. सायकलदुरुस्तीच्या दुकानातले चाचा पाहत होते. ते म्हणाले, “साब, काली जमीन में इत्ती हवा नक्को.” मी हसून निघालो. डॉक्टरकीची पदवी नवी होती.

रात्री दहाच्या सुमारास पाच किलोमीटरवरच्या वस्तीतून एक गडी कंदील घेऊन आला. बाळंतीण मोकळी झाली होती, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हते. मी त्याला मागे बसवले व निघालो. फाट्यापर्यंत डांबर होते, तोवर सायकल बाणासारखी गेली. फाट्यावरून पुढे गाडीवाट. पहिला एक किलोमीटर मुरमाचा. तेथे चाक दगडागणिक उसळत होते आणि प्रत्येक उसळीला जमीन सोडत होते. पुढे काळी माती लागली. नाल्याच्या उतारावर बैलगाड्यांची खोल चाकोरी पाण्याने भरलेली होती. पुढचे चाक चाकोरीच्या कडेवर चढले, घसरले, आणि मी डाव्या हातावर पडलो. मनगट मोडल्याचे मला आवाजावरूनच कळले. गड्याला इजा झाली नाही. आम्ही सायकल उचलून पुन्हा प्रयत्न केला. वीस पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी ठासून बसली की चाक फिरेना. ती काटकीने काढायची, दहा पावले जायचे, पुन्हा काढायची. अर्धा तास असा घालवल्यावर सायकल बाभळीला टेकवून पायी निघालो.

पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बाळंतीण वाचली, ती माझ्यामुळे नव्हे. त्या वस्तीतील वृद्ध सुईण तासाहून अधिक वेळ तिचे पोट चोळत, गर्भाशय मुठीने दाबून धरत बसली होती. मी उजव्या हाताने मेथर्जिनचे इंजेक्शन दिले. अँप्युल गड्याने फोडून धरली. थोड्या वेळाने वार पडली. फाट्यावरच सायकल ठेवून चालू लागलो असतो तर तासभर आधी पोहोचलो असतो. त्या रात्रीचा हा हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे, आणि उत्तर दर वेळी तेवढेच येते.

पाच-सहा दिवसांनी चाचांकडे सायकल घेऊन गेलो तेव्हा ते माझ्या प्लास्टरकडे पाहून काही बोलले नाहीत. त्यांनी व्हॉल्व्हची चकती सैल करून दोन्ही टायरांतली हवा थोडी थोडी सोडली, मला सीटवर बसायला लावले आणि बांबूच्या एका कामटीने रिमपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले. कामटीला दोन खाचा होत्या. वरची सडकेची, खालची पावसाची. मला त्या वेळी ही निव्वळ कारागिराची लकब वाटली. त्यामागचे शास्त्र समजायला मुलीचा फोन यावा लागला.

हवेचे टायर सायकलला मिळाले ते एका पशुवैद्याकडून, हे आपल्या व्यवसायबंधूंना सांगायला मला नेहमी आवडते. बेलफास्टमध्ये राहणारे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी रबर आणि कापडाची नळी करून चाकाला लावली व १८८८ मध्ये पेटंट घेतले. ते पुढे रद्द ठरले, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी तीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवून ठेवलेली निघाली. १८८९ मध्ये विल्यम ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टच्या शर्यतींत हवेच्या टायरांवर भरीव टायरवाल्यांना मागे टाकले आणि मग सगळे जग त्या वाटेने गेले. आपल्या बैलगाडीचे लाकडी चाक मात्र पुढेही कित्येक दशके लोखंडी धावेवरच फिरत राहिले. काळ्या मातीत ती अरुंद धाव सुरीसारखी रुतते. नंतर आलेल्या रबरी टायरच्या गाड्या त्याच बैलांनी त्याच रस्त्यावर अधिक भार घेऊन का ओढल्या, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे.

आपण ‘चाळीस पौंड हवा’ म्हणतो म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर चाळीस पौंड दाब. डॉक्टरांच्या परिचयाच्या एककात सांगायचे तर एक पौंड म्हणजे सुमारे ५२ मिलिमीटर पारा. अर्थात निरोगी माणसाचा १२० चा वरचा रक्तदाब जेमतेम २.३ पौंड भरतो, आणि चाळीस पौंडाचा सायकलचा टायर दोन हजार मिलिमीटरच्या वर असतो. (आमच्या एका मित्राने यावर, ‘मग सायकलला तातडीने भरती करा’, असे म्हटले. असो.)

चाकावर जो भार पडतो तो टायर जमिनीला टेकलेल्या भागातील हवा तोलून धरते. म्हणून भाराला दाबाने भागले की टेकलेले क्षेत्रफळ निघते. माझे वजन, जुन्या सायकलचे वजन आणि बॅग धरून ९५ किलो होतात. त्यातले साधारण साठ टक्के मागच्या चाकावर, म्हणजे ५७ किलो. पन्नास पौंड दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. तेव्हा टेकलेली जागा सुमारे १६ चौरस सेंटिमीटर, आगपेटीच्या एका तोंडाएवढी. तीस पौंडांवर ती २७ होते. सहा पौंडांवर १३५. टायरच्या भिंतीचा ताठरपणा थोडा भार स्वतः उचलतो, त्यामुळे आकडे किंचित इकडेतिकडे होतात. पण मी ईसीजीच्या कागदावर कार्बन पेपर ठेवून त्यावर टायर टेकवला आणि उमटलेल्या ठशातले चौकोन मोजले, तेव्हा पन्नास आणि तीसचा हिशेब साधारण जुळला. ईसीजीच्या कागदाचा इतका निर्वेध उपयोग मी प्रथमच केला. ताल नियमित होता.

आता हा ठसा आणि जमीन यांचा संबंध पाहा. माती असो वा बर्फ, चौरस सेंटिमीटरला अमुक भारापर्यंत ती उभी राहते, त्यापुढे खचते. चाक खचले की सायकलस्वार प्रत्येक क्षणी स्वतःच्या पुढ्यात एक छोटा चढ तयार करतो आणि तो चढत राहतो. त्याची सगळी शक्ती माती वा बर्फ दाबण्यात जाते. चालणाऱ्या माणसाच्या एका तळव्यावर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या आसपास भार येतो, म्हणजे सहा-सात पौंड. म्हणून पन्नास पौंडांचे चाक जेथे रुतते तेथे माणूस चालत जाऊ शकतो. तो गडी कंदील घेऊन त्याच वाटेने चालत आला होता, हे मला त्या रात्री दिसायला हवे होते.

यावरून कोणी म्हणेल की मऊ जमिनीवर नेहमी रुंद टायर आणि कमी हवा घ्यावी. येथेच बहुतेकांची चूक होते. मीही मुलीला पहिल्या फोनवर तेच सांगणार होतो. खरा प्रश्न आहे तो असा: कठीण तळ किती खोल आहे? बोटभर निसरड्या थराखाली जर जांभा, मुरूम किंवा डांबर असेल तर अरुंद चाक तो थर कापून खालच्या कठीण जागेला जाऊन भिडते, आणि रुंद चाक वरच्यावर तरंगत घसरते. चिखलातील सायक्लोक्रॉस शर्यतींत आंतरराष्ट्रीय नियमाने टायर ३३ मिलिमीटरहून रुंद नसतो, तरी ती मंडळी बरी चालवतात. हवा मात्र ती पुष्कळ कमी ठेवतात. याउलट तळ खोल असेल तर कापत जाण्यात अर्थ नाही, तेथे तरंगलेच पाहिजे.

तरंगण्याची ही कला अलास्कातल्या लोकांनी शिकवली. तेथे १९८७ पासून कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वाटांवर ‘इडिटाबाइक’ नावाची सायकल शर्यत होऊ लागली. सामान्य टायर त्या भुसभुशीत बर्फात रुतत. लोकांनी दोन-दोन रिमा शेजारी जोडून पाहिल्या. फेअरबँक्सच्या सायमन रॅकोवर यांनी ४४ मिलिमीटर रुंदीची रिम काढली, जी त्या काळी फार रुंद समजली गेली. न्यू मेक्सिकोकडे काही जण वाळूसाठी याच खटपटीत होते. पुढे २००५ मध्ये, माझ्या मुलीच्या शहराजवळच्या ब्लूमिंग्टनच्या ‘सर्ली’ या कंपनीने ३.७ इंच रुंद टायरची सायकल सर्वांसाठी बाजारात आणली आणि तिच्या मागून ‘फॅट बाइक’ नावाची जातच रूढ झाली. या टायरांत पाच ते दहा पौंड हवा पुरते. पाच पौंड म्हणजे सुमारे २६० मिलिमीटर पारा. आपल्या बाह्यरुग्ण विभागात हा आकडा अधूनमधून दिसतो.

अमेरिकेतील डोंगरी सायकलस्वारांच्या संघटनेने या सायकलींसाठी जे मार्गदर्शन केले आहे त्यात एक गोष्ट आहे: चाकाची चाकोरी इंचभराहून खोल उमटू लागली, किंवा सरळ रेषेत जाणे कठीण झाले, तर बर्फ अजून फार मऊ आहे, परत फिरा. वाट खराब होते आणि मागून येणाऱ्याला त्रास होतो. हा मजकूर वाचताना मला आमच्याकडचा पाटील आठवला. ‘वापसा नाही, गाडी घालू नका’, असे तो पाणंदीच्या तोंडाशी उभा राहून सांगत असे.

मुलीचा रस्ता कसा आहे हे मी मग तपशिलाने विचारले. तिची वाट शहराच्या मधून गेलेल्या मिडटाउन ग्रीनवे या सायकलमार्गावरची. पूर्वी तेथे रेल्वेचा खंदक होता. बर्फ पडला की यंत्राने तो लोटून देतात. खाली डांबर. त्यामुळे तिच्या चाकाखाली खोल बर्फ क्वचितच; बहुधा बोटभर नवा भुगा, नाहीतर गाड्यांनी व सायकलींनी दाबून टणक झालेला थर, आणि दुपारी वितळून रात्री गोठलेले पाणी. पहिल्याला अरुंद चाक कापते. दुसऱ्यावर, थंडी कडक असेल तर, चांगली पकड मिळते. उणे पंधरा अंशाला बर्फ पायाखाली करकरतो आणि रबराला धरून ठेवतो. सर्वांत वाईट शून्याच्या आसपासचे दिवस, कारण ओला बर्फ अर्धा चिखल असतो. तिसरी गोष्ट, म्हणजे पारदर्शक बर्फ, ही वेगळ्याच जातीची आहे. त्यावर रुंदी चालत नाही, नक्षी चालत नाही, हवा कमी करूनही फारसे साधत नाही. तेथे टायरला टंगस्टन कार्बाइडचे खिळे हवेत. साधे पोलादी खिळे डांबरावर लवकर झिजतात.

खिळ्यांच्या टायरात हवेचा एक सुंदर उपयोग होतो. काही जातींत खिळे मध्यरेषेवर नसून खांद्यांवर बसवलेले असतात. कोरड्या डांबरावर हवा भरपूर ठेवली की टायर मधोमध टेकतो व खिळे अधांतरी राहतात. बर्फ आला की थोडी हवा सोडायची, टायर पसरतो आणि खिळे जमिनीला लागतात. मांजर नख्या आत-बाहेर करते तसे. रबराची जातही थंडीसाठी मऊ लागते, कारण साधे रबर थंडीत ताठरते.

नक्षीबद्दल लोक फार बोलतात म्हणून एवढेच सांगतो की ओल्या डांबरावर सायकलला नक्षीची गरज नसते. चाक पाण्यावर तरंगून घसरण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, आणि विमानांच्या टायरांवरून बसवलेल्या सूत्राने चाळीस पौंडांना तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. माती आणि दाबलेला बर्फ यांत मात्र नक्षीच्या गाठी रुतून धरतात. गाठी एकमेकींपासून दूर असाव्यात, म्हणजे भरलेला चिखल झडतो.

एकच खिळ्यांचा टायर परवडत असेल तर तो पुढे लावावा. मागचे चाक घसरले तर माणूस बहुधा सावरतो. पुढचे गेले की हात आपोआप पुढे येतो आणि सगळे वजन तळहातावर पडते. पुढचे आपल्याला ठाऊक आहेच. अब्राहम कोलीस यांनी १८१४ मध्ये ज्या मनगटाच्या अस्थिभंगाचे वर्णन केले तो माझ्याही डाव्या हातावर अजून ओळखता येतो. तरुणांत स्कॅफॉइडचा अस्थिभंग लपून राहतो आणि पहिल्या एक्स-रेत दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबून दुखत असेल तर प्लास्टर घालून दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. हे सायकलीच्या लेखात लिहावे लागते याचे कारण असे की पावसाळ्यात माझ्याकडे येणारी अशी मनगटे बहुधा शाळकरी मुलांची असत. २००६-०७ पासून कर्नाटक शासनाने आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली दिल्या. ती योजना मला अत्यंत मोलाची वाटली. कित्येक मुली केवळ त्यामुळे हायस्कुलात टिकल्या. परंतु सायकलबरोबर हवा किती भरावी हे कोणी सांगितले नाही. मोठा भाऊ पंप घेई आणि दगडासारखे चाक करून देई. चाळीस किलोच्या मुलीला मागच्या चाकात तेवढी हवा लागतच नाही.

आता हवा किती, याविषयी. फ्रँक बर्टो या अमेरिकन अभ्यासकाने मोजमापे करून सांगितलेले एक प्रमाण सायकलवाल्यांत मान्य आहे: स्वार बसल्यावर टायरची उंची पंधरा टक्के दबावी. आपल्या दीड इंची टायरची उंची ३८ मिलिमीटरच्या घरात असते. तिचे पंधरा टक्के म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर. चाचांच्या कामटीवरच्या वरच्या खाचेला मी पुढे पट्टी लावून पाहिली, तेव्हा ती नेमकी तेवढ्यावर निघाली. खालची खाच आणखी तीन मिलिमीटर खाली होती. चाचांनी बर्टो वाचलेले नव्हते.

ही मोजणी आपल्याकडे मुद्दाम उपयोगी पडते, कारण आपल्या जुन्या सायकलींच्या व्हॉल्व्हला मोटारचे दाबमापक लागत नाही. भिंतीशी सायकल उभी करावी, स्वाराने बॅगेसह बसावे, दुसऱ्याने रिम ते जमीन हे अंतर बसण्याआधी आणि नंतर मोजावे. पुढचे व मागचे चाक वेगवेगळे मोजावे. भार सारखा नसताना हवा सारखी ठेवणे ही आपली जुनी खोड आहे. मुरमाड, दगडाळ वाटेला सहा ते आठ, निसरड्या चिखलाला नऊपर्यंत. त्याखाली जाऊ नये. फार कमी हवेत दगडावर आदळले की ट्यूब रिम आणि दगड यांत चिमटली जाते व तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. इंग्रजीत याला चक्क सर्पदंशाचे नाव आहे, आणि ती भोके पाहिली की नाव का पडले हे आपल्या भागातील डॉक्टरला सांगावे लागत नाही. दुसरा धोका असा की ढिला टायर ब्रेक दाबताना रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्हचे मूळ फाटते.

थंड प्रदेशात आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. घरात वीस अंशांना तीस पौंड हवा भरून उणे वीस अंशांत बाहेर पडले की ती चोवीस होते. फॅट बाइकमध्ये तर आठ भरलेले पौंड बाहेर पाचच उरतात. म्हणून तेथील अनुभवी लोक सायकल थोडा वेळ बाहेर ठेवून मग हवा ठरवतात. आपल्याकडे उलटे घडते. मे महिन्यात उन्हात उभी केलेली काळी सायकल साठ अंशांपर्यंत तापली तर साठ पौंडांचे अडुसष्ट होतात. चांगला टायर ते सहज सोसतो. फुटतो तो जुना चिरलेला टायर. दोष मात्र उन्हाला मिळतो.

मडगार्डाची गोष्ट राहिली. काळ्या मातीच्या वाटेने जाणाऱ्याने टायर आणि मडगार्ड यांत दोन बोटे फट ठेवावी. तेवढी राहत नसेल तर पावसाळ्यापुरते पुढचे मडगार्ड काढावे. कपडे खराब होतात, चाक फिरते. बर्फाच्या ओल्या भुग्यानेही असेच ठासते आणि रात्री तेथेच गोठते, असे मुलगी सांगते.

तिने शेवटी फॅट बाइक घेतली नाही. दुकानदार आग्रह करीत होता. तिने ४२ मिलिमीटरचे खिळ्यांचे टायर दोन्ही चाकांना लावले, पुढे अठ्ठावीस आणि मागे पस्तीस पौंड ठेवले, आणि पहिल्याच आठवड्यात दोनदा सायकल हातात धरून चालत ऑफिसला गेली. फोनवर ती हे जरा ओशाळून सांगत होती. मी तिला नाल्याकाठच्या बाभळीची गोष्ट सांगितली. ती पूर्वी कधी सांगितली नव्हती. मार्चअखेर तेथे दिवसा बर्फ वितळतो व पहाटे गोठतो, म्हणून ती एप्रिलपर्यंत खिळे काढत नाही. त्या दिवसांत आपल्या बांधावर सराटे वाळलेले असतात. वैद्यांचे हे गोखरू कितीही हवा ठेवली तरी टायरात शिरते, आणि त्याच्यावर कामटीचा इलाज चालत नाही.